मुक्कामी एसटीचा रस्ता : वाई ते जोर, दोन सायकली

पॅडलपंत | रविवार, रात्री ९.४०

शांत रस्ता कसा शोधायचा याबद्दल माझ्या मित्राचा, मन्याचा, एक सिद्धांत आहे. तो नकाशा उघडतच नाही. एसटी स्टँडवर जातो आणि चौकशीच्या खिडकीत विचारतो, "मुक्कामी गाडी कुठल्या कुठल्या गावाला आहे?" संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच झोपायचं आणि सकाळी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं घेऊन परत यायचं, ती मुक्कामी गाडी. ती बहुतेक वेळा तिथे थांबते कारण पुढे रस्ताच नसतो. मग ट्रक नाहीत, पलीकडच्या तालुक्यात जाणारा कुणी नाही, शॉर्टकट मारणारा तर नाहीच. त्या रस्त्यावर जो भेटेल तो गावचा माणूस, नाहीतर आपल्यासारखा रिकामटेकडा.

या हिशोबाने गेल्या शनिवारी आम्ही वाई ते जोर गेलो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, त्यात मेणवलीतलं हुंदडणंही आलं. आम्ही दोघं पन्नाशीचे, त्यामुळे कुणी वेळ विचारू नये.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी. वाईहून पश्चिमेला कृष्णेचं खोरं आत आत शिरत जातं. एका अंगाला कोळेश्वराचं पठार, दुसऱ्या अंगाला पाचगणी-महाबळेश्वरची डोंगररांग, आणि शेवटी क्षेत्र महाबळेश्वराचा कडा आडवा. वर देवळात गोमुखातून पडणारं कृष्णेचं पाणी आपण ओंजळीत घेतो, तीच कृष्णा कड्याखाली उतरते ती या जोरच्या खोऱ्यात. मग बलकवडीचं धरण, मग धोमचं, आणि मग वाईचे घाट. महाबळेश्वरला केट्स पॉइंटवर कठड्याला टेकून मक्याचं कणीस खाताना खाली जे पाणी चमकतं, ते हेच. वरून लाखो लोकांनी पाहिलेलं खोरं आहे, खाली उतरणारे मात्र मोजके.

सायकली गाडीच्या मागे बांधून शुक्रवारी रात्री मन्याच्या मावशीकडे वाईला मुक्काम केला. मावशींनी पहाटे साडेपाचला उठवलं आणि पोहे खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. ढोल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून निघालो. नोव्हेंबर संपत आलेला, नदीवर धुकं, हँडल धरलेली बोटं बधिर. शेतात हळदीची पानं अजून हिरवी उभी होती.

मेणवली तीन किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा इतक्या लवकर उघडा असणार नव्हताच, पण घाट तर कुणी बंद करत नाही. तिथल्या छोट्या देवळीतली घंटा मला दर वेळी नव्याने बघावीशी वाटते. पंचधातूची, १७०७ सालची, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर मराठी मुलखात ज्या घंटा आल्या त्यातली ही एक. चर्चची घंटा कृष्णाकाठी शंकराच्या शेजारी अडीचशेहून जास्त वर्षं टांगलेली आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटलेलं दिसत नाही. मन्या म्हणाला, "वाजवू का?" मी नको म्हणालो. सहा वाजले होते, गाव झोपलेलं होतं.

पुढे धोमला नृसिंहाचं देऊळ. तिथल्या महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. पाणी भरलं की नंदीचा मंडप कासवासकट तरंगल्यासारखा दिसत असणार. आम्ही गेलो तेव्हा कुंडात पाणी कमी आणि पाला जास्त होता.

धोम धरणाची भिंत मागे टाकली की खरा रस्ता सुरू होतो. वयगाव, दह्याट, बोरगाव, बलकवडी अशी गावं येत जातात. एका गाडीपुरतं डांबर, कडेला वाळलेलं गवत, पाणी कधी अगदी जवळ येतं तर कधी झाडीआड जातं. समोर दिसणारा कमळगड हळूहळू बाजूला येतो आणि मग मागे पडतो. तासाभरात आम्हाला दोन मोटारसायकली, एक दुधाचा टेम्पो आणि म्हशींचा एक कळप भेटला. म्हशींना आम्ही वाट दिली, टेम्पोने आम्हाला दिली.

आता मुद्द्याचं सांगतो. मोठ्या रस्त्यावर मित्राबरोबर सायकल चालवणं म्हणजे तासन् तास त्याची पाठ बघणं. एकामागे एक चालायचं, काही सांगायचं तर ओरडायचं, आणि ओरडून सांगावं असं आपल्याकडे असतं तरी काय? असल्या रस्त्यावर मात्र दोन सायकली शेजारी-शेजारी चालतात. बोलणं आपोआप सुरू होतं. चढ आला की वाक्य अर्ध्यावर तुटतं, दोघंही धापा टाकतो, आणि उतारावर ते वाक्य तिथूनच पुढे चालू होतं. मन्या मुळात बोलणारा माणूस नाही. फोनवर "हं, हं, बोल" याच्यापुढे जात नाही. बलकवडीच्या आधीच्या चढावर तो आपण होऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणाले गुडघा बदला." मग उतार लागला, चाकं सुटली. खाली आल्यावर म्हणाला, "मी सायकल बदलली. तेवढ्याच पैशात नाही, पण निदान ही घरच्यांना दाखवता येते." ही नवी सायकल गुडघ्याऐवजी आलीय हे मला तेव्हा कळलं.

गोळेगावच्या अलीकडे याच नव्या सायकलचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. स्पेअर ट्यूब होती, पण चुकीच्या मापाची. मग जुन्यालाच ठिगळ लावायचं ठरलं. एका घराच्या अंगणात आजी भात वाळवत होत्या. त्यांनी आधी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "यष्टी चुकली व्हय रं बाबांनो?" आम्ही मजेसाठी सायकलवर आलोय हे त्यांना दोनदा सांगितलं. त्यांचा विश्वास बसला असं वाटत नाही, पण पाण्याचं घमेलं आणि बसायला पोतं दिलं. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले, पॉलिशपेपर घासला, सोल्युशन लावलं आणि ते सुकेपर्यंत चहा झाला. हवा भरताना नवंच संकट. मन्याच्या चाकाला तो बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह. आमचा छोटा पंप पाच मिनिटांत दमला आणि गावातला मोटारसायकलचा पंप त्या व्हॉल्व्हला बसेना. बॅगेच्या तळाशी अडॅप्टरची पितळी टोपी सापडली म्हणून वाचलो. वीस-तीस रुपयांची चीज आहे, एक तिथेच व्हॉल्व्हला बसवून ठेवा.

जोरला रस्ता संपतो तो काही नाट्यमय वगैरे नाही. डांबराची माती होते, मातीची पायवाट होते आणि पायवाट जंगलात शिरते. तिथून पुढे पायी बहिरीच्या घुमटीकडे आणि वर महाबळेश्वरला जाता येतं, डोंगरभटक्यांना ती वाट ठाऊक आहे. आम्ही देवळाच्या पायरीवर मावशींनी दिलेली भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. समोर कडा. एकदाही हॉर्न ऐकू आला नाही. मन्या अर्धा तास झोपला.

तुमच्याकडचे असे रस्ते सांगा. अट एकच, दोन सायकली शेजारी चालल्या पाहिजेत.

खारीक | रविवार, रात्री १०.०५

"यष्टी चुकली व्हय" :))) आमच्या इथे चौकीदारसुद्धा हेच विचारतो, फक्त हिंदीत.

गिअर_नसलेला | रविवार, रात्री १०.३१

साधी, बिनगिअरची सायकल चालेल का? चढ किती? आणि रस्ता कसा आहे?

पॅडलपंत | रविवार, रात्री १०.५०

घाट नाही. वाईच सातशे मीटरवर आहे, तिथून पुढे सतत थोडं वर, थोडं खाली. बिनगिअरने होईल, दोन-तीन ठिकाणी उतरून ढकलावी लागेल. त्यात कमीपणा नाही, आम्हीही ढकलली. डांबर बरं आहे, मधे मधे उखडलेलं. टायर जरा रुंद असलेला बरा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. महाबळेश्वरच्या कड्याखालचा पाऊस आहे, २०२१च्या जुलैत या खोऱ्यात दरडी कोसळल्या होत्या.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ७.५८

लेख आवडला, सिद्धांत अर्धाच पटला. आमचा भंडारदऱ्याचा फेरा बघा. शेंडीहून निघा, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. चाळीसेक किलोमीटरचा वेढा, कुठे संपत नाही, तरी मंगळवारी-बुधवारी जाल तर तुम्ही आणि पाणी. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाबाहेर सायकल टेकवून अर्धा तास बसायचंच. १९२६ साली पूर्ण झालेलं धरण, पण त्या पाण्याकडे बघून ते माणसाने अडवलंय असं वाटत नाही.

मात्र काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनमध्यात, चुकूनही येऊ नका. रात्रभर गाड्यांचे दिवे. काजवे बिचारे कुणाला दिसणार?

दोन_वेण्या | सोमवार, सकाळी ९.१२

मुक्कामी एसटीच्या सिद्धांताला आणखी एक भोक. रस्त्याच्या टोकाला धबधबा असला की सिद्धांत बुडाला. मी आणि माझी मैत्रीण वेल्ह्याहून केळदला गेलो होतो. रस्ता सुंदर, पुढे मढे घाटापाशी जमीनच संपते. पण ऑगस्टमधला रविवार! गाड्यांचे स्पीकर, रस्त्यावरच नाच. परत डिसेंबरात बुधवारी रजा टाकून गेलो तर तोच रस्ता, आणि सबंध सकाळी एक गुराखी भेटला. तेव्हा रस्त्याबरोबर वारही सांगत जा.

दोघी बायकाच जातोय म्हटल्यावर लोक जे विचारतात त्याचं उत्तर इथेच देऊन टाकते. भीती शहराबाहेर पडेपर्यंतच वाटते, हायवेवर. आतल्या गावांत त्रास कधी झाला नाही, चौकशी मात्र भरपूर. "मालक कुठायत?" हा ठरलेला प्रश्न. मैत्रीण सांगते, "मागून येतायत." आठ वर्षं झाली, मालक अजून मागूनच येतायत. खरी अडचण बाथरूमची. उघड्यावर जागा शोधत बसण्यापेक्षा सरळ एखाद्या घरातल्या बाईला विचारावं. आजवर एकीनेही नाही म्हटलं नाही, उलट दोन ठिकाणी जेवायला थांबवलं.

पॅडलपंत | सोमवार, सकाळी ९.४०

मालक मागून येतायत हे मन्याला सांगितलं. तो हसला. हे वर्षातून दोनदा होतं.

एक_शंका | सोमवार, दुपारी १.१५

कुणाला आवडो न आवडो, लिहितो. असे रस्ते गावांच्या नावानिशी इथे कशाला टाकता? आज दोन सायकली, पुढच्या वर्षी वीस मोटारी, त्याच्या पुढच्या वर्षी तंबू आणि शेकोट्या. पवनेच्या काठाचं काय झालं ते बघितलंत ना? पूर्वी तिथे रात्री बेडूक ऐकू यायचे. काही गोष्टी गुपित राहू द्याव्यात.

खारीक | सोमवार, दुपारी १.२२

+१, पण आता वाचून झालं :(

पॅडलपंत | सोमवार, दुपारी २.०३

शंका रास्त आहे, मलाही लिहिताना वाटलं होतं. माझा बचाव एवढाच की साठ किलोमीटर स्वतःच्या पायांनी जाणारा माणूस फार कचरा घेऊन जाऊ शकत नाही.

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री ११.४७

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं. मी त्याच खोऱ्यातला. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही लिहिलेल्यांपैकीच एक.

शंकासाहेब, गुपित कुणापासून? आमचं गाव आहे ते. आमच्याकडे माणसं येतात याचं दुःख कुणाला नाही.

पॅडलपंत, तुम्ही चांगलं लिहिलंय, राग नाही. फक्त तासाभरात दोन मोटारसायकली दिसल्या, कारण बाकीचं गाव मुंबईत आहे. माझे आजोबा मशीद बंदरला ओझी उचलत, वडील माथाडी, वाशीच्या मार्केटला. मी ऑफिसात बसतो, पण राहतो माथाड्यांच्या वसाहतीतच. आमच्या गल्लीत वाई आणि जावळीची इतकी माणसं आहेत की यात्रेची वर्गणी इथेच गोळा होते. चांगल्या जमिनी नदीकाठाला होत्या, त्यावर आता पाणी आहे. धोमच्या साडेतेरा टीएमसीत आणि बलकवडीच्या चार टीएमसीत कुणाकुणाची भातखाचरं आहेत. ते पाणी खाली उसाला जातं. उरली ती डोंगरउताराची नाचणी. शांतता अशी आलीय.

तुम्ही यायचं असेल तर यात्रेला या, किंवा गणपतीत, किंवा शिमग्याला. तेव्हा हाच रस्ता ओळखू येणार नाही. मुंबईच्या गाड्यांची रांग, पोरं, लाउडस्पीकर. आम्हाला तो आवाज आवडतो.

आणि त्या आजी तुमच्यावर हसल्या नव्हत्या. खरंच एसटी चुकली असणार असं वाटलं असेल. ती चुकली की वाई लांब असतं. माझी आई दवाखान्यात जायच्या दिवशी पहाटे चारपासून जागी असायची, गाडीच्या आवाजाकडे कान लावून.

पुढच्या वेळी आलात तर त्या पितळी टोप्या दोन-चार जास्त आणा, गावातल्या पोरांकडे ठेवा. तुमच्यासारखे हल्ली महिन्यातून एखाद-दोन येतात, आणि सगळे हवेलाच अडतात :)

पॅडलपंत | मंगळवार, सकाळी ६.५०

काल रात्री वाचलं, लगेच उत्तर सुचलं नाही. भाताची कापणी होऊन मोकळी झालेली खाचरं मी पाहिली, पण अंगणात वाळत घालणारी माणसं सगळी म्हातारीच होती हे आत्ता तुम्ही लिहिल्यावर डोळ्यांसमोर आलं. तिथे असताना लक्षात आलं नाही. टोप्या नक्की आणतो. यात्रा केव्हा असते ते कळवाल का?

कोपरखैरणेकर | मंगळवार, सकाळी ८.१५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दिवाडीचो_पाव | मंगळवार, दुपारी ४.३०

गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे मुक्कामी एसटीऐवजी फेरीबोट बघायची. जिथे पूल नाही तिथे सायकल. मांडवीतलं दिवाडी बेट घ्या. ओल्ड गोव्याला गर्दीतून सायकल सरळ धक्क्यावर न्यायची, फेरीत चढवायची आणि पाच मिनिटांत पलीकडे. खाजनातून, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतून, बांधावर गेल्यासारखा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी आणि बगळे, मग पिएदादची टेकडी. चढ छोटा पण खवट. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फेरी, ती नार्व्याला उतरवते. तिथे सप्तकोटेश्वर. हा देव मुळात दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदी ओलांडून पलीकडे गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे देव गेला त्याच पाण्यावरून तुम्ही सायकल घेऊन जाता. ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, तेव्हा बेटावर पाय ठेवायला जागा नसते.

पूल व्हावा की नको यावर बेटावर जुना वाद आहे. वरचं कोपरखैरणेकरांचं वाचून त्यात मी कुठल्या बाजूचा ते आता सांगायला कचरतोय.

डच_टांगा | मंगळवार, संध्याकाळी ६.११

नेदरलँड्समध्ये असते. इथे सायकलच्या प्रत्येक नाक्याला आकडा असतो. घरून निघताना कागदावर आकडे लिहायचे, १४, ३७, ५२, आणि त्या पाट्यांमागे जात राहायचं. वाट चुकायची सोयच ठेवलेली नाही. दोन सायकली शेजारी चालवायला कायद्यानेही मुभा. पण सहा वर्षांत एकाही आजीने मला एसटी चुकली का असं विचारलेलं नाही.

गिअर_नसलेला | मंगळवार, रात्री ८.०२

शनिवारी निघतोय, वाई-जोर. टोपी घेतली. भाकरी कुठून आणू?

मागचं_चाक | मंगळवार, रात्री ९.२८

मी मन्या. हे लिहायला सदस्य झालो. तीन दुरुस्त्या.

एक. ट्यूब चुकीच्या मापाची होती असं मोघम लिहिलंय. ती पॅडलपंतांनी आणली होती. त्यांच्या जुन्या सव्वीस इंचीची. माझं चाक सातशेचं आहे हे त्यांना दोनदा सांगितलं होतं.

दोन. हवा मी भरली. ते चहा पीत होते.

तीन. सिद्धांत माझा नाही, वडिलांचा. ते एसटीत ड्रायव्हर होते हे पंतांना माहीत आहे, पण हे बहुतेक कधी सांगितलं नाही. मुक्कामी ड्युटी कुणाला नको असायची, वडील मागून घ्यायचे. मे महिन्यात मला बरोबर न्यायचे. रात्री गाडी देवळापाशी लावायची, कंडक्टरकाका शेवटच्या लांब सीटवर, आम्ही दोघं मधल्या वाटेत सतरंजी टाकून. कुणाच्या तरी घरून भाकरी यायची, कुणाच्या ते मला कधीच कळलं नाही. पहाटे गाडी सुरू व्हायच्या आधी वडील मला रस्त्यावर चालायला न्यायचे. म्हणायचे, दिवसभर हा रस्ता काचेतून बघतो, जरा पायाखाली बघू दे.

कोपरखैरणेकर, तुमच्या आईबद्दल वाचलं. वडील सकाळी निघायच्या आधी दोनदा लांब हॉर्न द्यायचे आणि पाच मिनिटं थांबायचे. मला वाटायचं सवय आहे.

गिअर_नसलेला, मावशीला फोन केलाय. शुक्रवारी रात्रीपर्यंत किती जण ते कळवा, ती पीठ त्या हिशोबाने भिजवेल.

पंत, यात्रेला जायचं ठरलं तर ट्यूब मी आणतो.